न मागितलेला वाटा : ‘वाडा चिरेबंदी’ आणि आयेमेनेमचे घर

आईवडिलांच्या पश्चात घराची वाटणी होताना भावंडांत जे घडते, त्यावर आपल्याकडे कोर्टकचेऱ्यांत जितका कागद खर्ची पडतो त्याच्या शतांशानेही साहित्यात पडत नाही. आमच्यासारख्या धर्मग्रामात वावरणाऱ्या धर्मगुरूंना मात्र हा विषय रोजचा आहे. वडिलांच्या महिन्याच्या मिस्सेला एका बाकावर बसलेली चार भावंडे वर्षाच्या मिस्सेला चार निरनिराळ्या बाकांवर बसलेली दिसली, की सात-बाऱ्यावर वारसांची नावे चढवण्याची वेळ आली आहे हे ओळखावे. वडिलांनी काही लिहून ठेवलेले नसते. जिवंतपणी त्यांच्यापुढे तो विषय काढण्याची कोणाची छाती झालेली नसते. ‘माझ्या मरणाची वाट पाहता काय?’ या एका प्रश्नाने तो कायमचा मिटलेला असतो. आजाऱ्याला तैलाभ्यंग देण्यासाठी आम्हाला बोलावतात, तेव्हा खोलीत सर्वजण असतात, सर्वांच्या मनात घर असते आणि घराविषयी कोणी बोलत नाही.

२०२५ साली अरुंधती रॉय यांचे आपल्या आईविषयीचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या निमित्ताने त्यांची १९९७ सालची कादंबरी ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ आम्ही पुन्हा हाती घेतली, आणि ती वाचताना महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ सारखे मध्ये येऊ लागले. एक विदर्भातील देशस्थ ब्राह्मणांचा वाडा, दुसरे केरळातील सुरियानी ख्रिस्ती कुटुंबाचे घर. भाषा, धर्म, हवा सारे निराळे. तरीही दोन्ही घरांत एकच गोष्ट न बोलता राहिली आहे, असे आम्हाला वाटले. त्याविषयी येथे लिहीत आहोत.

‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. पुढे त्याचे दोन उत्तरार्ध झाले आणि १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ते तिन्ही भाग सलग सादर केले, हे नाट्यप्रेमी वाचकांना ठाऊक आहे. आमचे बोलणे पहिल्या भागापुरते आहे. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारले आहेत. थोरला भास्कर वाड्यावरच राहिलेला; मधला सुधीर मुंबईत नोकरीला; धाकटा चंदू घरात गड्यासारखा राबणारा; आणि लग्न न झालेली बहीण प्रभा. अंगणात एक बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे. सुधीर पत्नीसह मुंबईहून येतो आणि बघता बघता बोलणे तेराव्याच्या खर्चावर येते, खर्चावरून जमिनीवर, जमिनीवरून सोन्यावर.

एलकुंचवारांचे सामर्थ्य असे की, या भांडणात त्यांनी खलपुरुष ठेवलेला नाही. भास्कर म्हणतो ते खरे आहे : तो मागे राहिला, म्हाताऱ्यांचे त्याने केले, गावात घराण्याची अब्रू त्याला सांभाळावी लागली. सुधीर म्हणतो तेही खरे आहे : मुंबईला गेलेला भाऊ श्रीमंतच असणार या समजुतीखाली त्याला आजवर काहीच मिळालेले नाही आणि प्रत्यक्षात तो मेटाकुटीस आलेला आहे. दोघेही आपापला हिशेब मांडतात आणि दोघांचेही हिशेब बरोबर येतात. केवळ त्यांची बेरीज होत नाही. संत लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात जो थोरला भाऊ मेजवानीच्या घराबाहेर अडून बसतो, त्याची आठवण आम्हाला भास्करकडे पाहताना वारंवार झाली. आपण नेहमी धाकट्यावर प्रवचन करतो. पण बापाने मालमत्ता दोघांतही वाटून दिली होती, असे लूक स्पष्ट लिहितो. अनुवादाच्या नियमाप्रमाणे थोरल्याचा भाग दुप्पट. म्हणजे त्याची तक्रार मालमत्तेची नव्हतीच. इतकी वर्षे राबलो त्याची कोणी नोंद घेतली नाही, ही होती. घराच्या वाटणीत ही तक्रार नेहमी मालमत्तेचे कपडे घालून येते, आणि चौरस फुटांत मोजली न जाणारी गोष्ट चौरस फुटांत मागितली जाते.

या नाटकातील तो रात्रीचा प्रसंग पाहिलेला कोणी विसरणार नाही. वहिनी घराण्याचे सोने अंगावर घालून नवऱ्यापुढे उभी राहते. एखाद्या कमी ताकदीच्या लेखकाने तेथे लोभाचे चित्र काढले असते. येथे मात्र आपल्याला आयुष्यभर चुलीपुढे गेलेली एक बाई दिसते, जी घटकाभर त्या घराची मालकीण होऊन पाहते. पुढे रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते आणि ते सोनेही घरातून जाते. ज्यावरून भावाभावांत वितुष्ट आले ते उरतच नाही.

इतके असूनही आमची एक तक्रार आहे, आणि ती नाटकापेक्षा प्रेक्षकांविषयी अधिक आहे. ‘वाडा’ पाहून बाहेर पडणारे लोक वाड्यासाठी हळहळतात. चिरे ढासळले, वैभव गेले, जुनी माणसे गेली. आम्हीही प्रथम असेच हळहळलो. प्रभाकडे आमचे लक्ष गेले ते पुष्कळ उशिरा. तिला पुढे शिकायचे होते. तात्याजींनी शिकू दिले नाही. लग्नही झाले नाही. आणि आता वाटणीच्या बोलण्यात ती वाटेकरी म्हणून नव्हे, एक ओझे म्हणून मोजली जाते : ती कोणाकडे राहणार, तिला कोण पोसणार. महाराष्ट्रात वडिलोपार्जित हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत अविवाहित मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क १९९४ सालच्या दुरुस्तीने मिळाला. म्हणजे नाट्यत्रयी सलग रंगमंचावर आली त्याच साली. प्रभाच्या हयातीत तो आला असता तरी तिने तो मागितला असता काय, याची आम्हाला शंका आहे.

आता आयेमेनेम. ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ आमच्या वाचकांपैकी अनेकांना रुचणार नाही. तिच्यावर केरळात अश्लीलतेचा खटलाही झाला होता. आमचे मत विचाराल तर तिची शैली काही ठिकाणी स्वतःच्याच प्रेमात पडलेली आहे, आणि बेबी कोचम्मा या आत्याचे चित्र रंगवताना लेखिकेने व्यंगचित्रकाराचा कुंचला फार वेळ हातात धरला आहे. पण घर आणि त्यातील भाऊबहीण यांविषयी ती जे दाखवते ते इतके अचूक आहे की, या दोषांसाठी पुस्तक बाजूला सारता येत नाही.

अम्मू नवऱ्याला सोडून जुळ्या मुलांसह वडिलांच्या घरी परत आली आहे. भाऊ चाको ऑक्सफर्डला शिकलेला, समतेच्या गप्पा मारणारा. आईने सुरू केलेला लोणच्यांचा कारखाना अम्मूही तितक्याच कष्टाने चालवते. तरी तो आपला आहे असे चाको निःशंकपणे समजतो. तो दुष्ट नाही. भाच्यांवर त्याचे प्रेम आहे. मुलगी म्हणून बहिणीला या घरादारावर हक्क नाही, हे त्याला हवापाण्याइतके स्वाभाविक वाटते, इतकेच. आणि म्हणूनच पुढे त्याची छोटी मुलगी बुडून मरण पावते, तेव्हा तो दुःखाच्या भरात बहिणीला घराबाहेर काढू शकतो. अम्मू एकतिसाव्या वर्षी एका लॉजच्या खोलीत एकटी मरते. चर्च तिला मूठमाती देण्याचे नाकारते आणि तिला विद्युतदाहिनीत न्यावे लागते. कादंबरीतील ही वाक्ये कोरडी आहेत. धर्मगुरूने ती वाचावी आणि ‘हे कल्पित आहे’ असे म्हणून पान उलटावे, हे आम्हाला जमले नाही.

आणि ते घर? चाको कॅनडाला निघून जातो. १९९३ साली कादंबरी पुन्हा त्या घरात शिरते तेव्हा तेथे म्हातारी बेबी कोचम्मा आणि स्वयंपाकीण अशा दोघीच दूरदर्शन संचापुढे बसलेल्या असतात. खिडक्या बंद, धूळ साचलेली. बहिणीला ज्यातून काढले ते घर भावालाही नको होते.

या कल्पित कथेमागे एक खरी कथा आहे आणि ती सर्वज्ञात आहे. लेखिकेच्या मातोश्री मेरी रॉय यांनी लग्न मोडल्यानंतर दोन लहान मुलांसह वडिलांच्या उटीच्या घरात आसरा घेतला होता. वडील मृत्युपत्र न करता वारले होते. सख्ख्या भावाने ते घर सोडण्यास सांगितले. त्याच्यामागे १९१६ सालचा त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायदा उभा होता. त्या कायद्याने मुलीला मिळत होते ते मुलाच्या हिश्श्याच्या एक चतुर्थांश किंवा ५००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. आणि लग्नात स्त्रीधन दिलेले असेल तर तेही नाही. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी निकाल लागला : त्रावणकोरचा हा कायदा १ एप्रिल १९५१ पासूनच संपुष्टात आलेला आहे, आणि त्या दिवसापासून तेथील ख्रिस्ती लोकांना १९२५ सालचा भारतीय वारसा कायदा लागू आहे. २०२२ साली मेरी रॉय वारल्या, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी त्यांना या निकालासाठी आठवले.

निकालातील ती १९५१ची तारीख आम्हाला कादंबरीकडे परत घेऊन गेली. अम्मूची शोकांतिका घडते १९६९ साली. तिचे वडील त्याआधी काही वर्षे वारलेले आहेत, पण १९५१ नंतर. त्यांनी काही लिहून ठेवल्याचे कादंबरीत दिसत नाही. म्हणजे निकालाच्या अर्थाने पाहिले तर वडिलांच्या मागे राहिलेल्या मिळकतीत अम्मूचा वाटा चाकोइतकाच होता! चाकोला ते ठाऊक नव्हते, आईला नव्हते, पोलिसांना नव्हते, आणि अम्मूलाही नव्हते. तेव्हाची तेथील न्यायालयेही उलटेच मानीत होती. ज्या बाईला ‘तुझे येथे काही नाही’ असे सांगून घराबाहेर काढले, तिचे तेथे कायद्याने होते. लेखिकेने ही गोष्ट पुस्तकात कोठेही उघड करून सांगितलेली नाही. आईचा निकाल लागून अकरा वर्षे झाल्यावर तिने ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिला ते ठाऊक नसणे शक्यच नाही. ठाऊक असून तिने वाचकाला अंधारात ठेवले, आणि अम्मूलाही. या मौनामुळे कादंबरी आमच्या लेखी अधिक मोठी झाली आहे.

निकालाचे केरळातील ख्रिस्ती समाजात स्वागत झाले असेल अशी एखाद्याची समजूत असेल तर ती चुकीची आहे. अनेक चर्चनेत्यांनी त्याला विरोध केला. मुलींनी वाटा मागू नये म्हणून बापांनी वेळीच मृत्युपत्रे करावीत, असा सल्लाही दिला गेला. आम्ही येथे जरा थांबू इच्छितो. कारण घराघरांतील तंट्यांवर आपल्या व्यासपीठांवरून एकच औषध सांगितले जाते : मृत्युपत्र करा. सल्ला वाईट नाही. आम्हीही तो देतो आणि देत राहू. परंतु मृत्युपत्र हा न्याय नव्हे, ती केवळ बापाची इच्छा आहे, आणि बापाची इच्छा थोरल्या मुलाच्या बैठकीत बसून लिहिली जाऊ शकते. उलट १९२५चा कायदा, जो आपल्या वसईतील ख्रिस्ती घरांना पहिल्यापासून लागू आहे, तो मृत्युपत्र नसताना काय करतो? विधवेला तृतीयांश देतो आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांत सारखे वाटतो. विधवा नसेल तर सगळेच सारखे. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून मुलगी बरोबरीची वाटेकरी आहे आणि तिला पूर्णपणे वगळणे बापाच्याही हाती नाही. असे असूनही आमच्या धर्मग्रामांत किती बहिणींनी वडिलांच्या घरात वाटा घेतला आहे? हाताची बोटे पुरतील. कायदा सारखे देतो आणि रीत ते परत काढून घेते. त्या परत काढून घेण्याच्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात.

आता शास्त्राकडे वळू, कारण आम्ही धर्मगुरू या बाबतीत एका उताऱ्याचा आधार घेत आलो आहोत. लूक, अध्याय १२. जमावातील एक मनुष्य येशूला विनंती करतो, की माझ्या भावाला वतनाची वाटणी करावयास सांगा. येशू न्यायाधीश होण्याचे नाकारतो, आणि मग लोभाविषयी इशारा देऊन धान्याची कोठारे बांधणाऱ्या मूर्ख धनवानाचा दाखला सांगतो. यावरून आम्ही वर्षानुवर्षे असा अर्थ काढला की, वाटा मागणारा तो मनुष्य लोभी होता. पण मजकूर नीट वाचावा. चौदाव्या वचनातील उत्तर त्या एकट्याला आहे. पंधराव्या वचनात मात्र येशू ‘त्यांना’ सांगतो. मूळ ग्रीक शब्द अनेकवचनी आहे. लोभाचा इशारा मागणाऱ्यावर जितका आहे तितकाच न देणाऱ्यावर आहे, आणि बाजूला उभे राहून ऐकणाऱ्यांवरही. दाखल्यातील धनवान तर काहीच मागत नाही. तो जवळ असलेले धरून ठेवतो. मग या उताऱ्याने आम्ही नेमके मागणाऱ्यालाच का गप्प केले?

मागणे हे पाप असते तर गणनाच्या २७व्या अध्यायाचे काय करणार? सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा, दर्शनमंडपाच्या दाराशी सर्व मंडळीदेखत उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात. मोशे त्यांना शांततेचा उपदेश करीत नाही. तो त्यांचे म्हणणे परमेश्वरापुढे नेतो, आणि मुलींचे बोलणे रास्त ठरते. त्यांना भाऊ नव्हता म्हणून त्यांना मिळाले, हे आम्ही दडवू इच्छित नाही. भाऊ असलेल्या मुलीचा प्रश्न तेथे सुटलेला नाही. पण पाच जणींची नावे शास्त्रकर्त्याने जपून ठेवली, याला काही अर्थ असावा. त्या पाच नावांवर प्रवचन केल्याचे आम्हाला स्वतःच्या बाबतीत तरी स्मरत नाही.

हे सर्व आम्ही दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, आम्ही नुकतेच साहाय्यक धर्मगुरू झालो असताना, एक बाई मिस्सेनंतर आमची वाट पाहत थांबल्या. वडील जाऊन तीन वर्षे झाली होती. आई पाठोपाठ गेली. दोन भाऊ, दोन बहिणी. जुने कौलारू घर, पुढे ओटा, मागे विहीर आणि केळीची वाडी. वसईत तेव्हा इमारतींचे पीक जोरात होते आणि त्या घराकडेही एक बिल्डर येऊन गेला होता. आईचे शेवटचे आजारपण या बाईंनीच काढले होते, सासरचे सांभाळून. थोरल्या भावाने हक्कसोडपत्र तयार करून आणले होते आणि निबंधकाच्या कचेरीत जाण्याचा दिवसही ठरला होता. “फादर, भाऊ म्हणतो सही कर. करू का?” इतकेच त्यांनी विचारले. त्यांच्या यजमानांचा कारखाना बंद पडलेला होता आणि त्या भाड्याच्या खोलीत राहत होत्या, हे आम्हाला ठाऊक होते.

आम्ही लूकचा बारावा अध्याय सांगितला. सेमिनरीतून बाहेर पडून फार काळ झाला नव्हता, त्यामुळे चांगला सांगितला असावा. शेवटी म्हणालो, “बाय, वाटा घेतला तर माहेर तुटेल. घर भावांकडे राहिले तर माहेर राहील.” त्यांना हेच भय होते, आम्ही त्याला आशीर्वाद दिला. त्यांचा वाटा किती, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. खरे सांगायचे तर तेव्हा तो आम्हालाही नीट माहीत नव्हता. माहीत करून घ्यावा असे वाटले नाही, ही त्याहून वाईट गोष्ट.

दोन वर्षांत घर पाडले. त्या जागी आज इमारत आहे. वडिलांचे नाव तिच्या फाटकावर सिमेंटमध्ये कोरले आहे. भाऊ नंतर एकमेकांशीही भांडले आणि धाकटा आपला भाग विकून दुसरीकडे राहावयास गेला. बाईंचे माहेर नेमके कोणत्या मजल्यावर, हे आम्हाला सांगता येणार नाही.

बदल्या होत होत आम्ही अलीकडे पुन्हा त्याच भागात आलो. गेल्या नोव्हेंबरात सर्व मृतांच्या दिवसासाठी नावे नोंदवायला त्या आल्या. केस पूर्ण पांढरे झालेले. आईवडिलांची नावे सांगून झाल्यावर त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, “फादर, तेव्हा कायद्याने माझे किती होते हो?”

“चौथा हिस्सा,” आम्ही म्हणालो.

“म्हणजे भावाइतकाच?”

“भावाइतकाच.”

त्या थोडा वेळ वहीकडे पाहत राहिल्या. मग आईच्या नावातले एक अक्षर चुकले आहे, ते दुरुस्त करा, असे म्हणाल्या. आम्ही दुरुस्त केले.